उजव्या तळहाताची नोंद

मिशनचं इस्पितळ, मसाका
१४ सप्टेंबर १९९६

गोन्झागादादा,

अक्षर वाकडं आलंय, हसू नकोस. उजव्या तळहाताला पट्टी आहे आणि पेन धरलं की ठणकतं.

गेल्या सोमवारी मला वॉर्डात सुई टोचली. वापरलेली. ज्या पेशंटला ती दिली त्याच्या रक्तात एड्सचा विषाणू आहे, तसं कागदावर लिहिलेलंच आहे. त्यामुळे ‘कदाचित नसेलही’ असं म्हणून स्वतःला फसवायची सोय नाही. डॉक्टर म्हणाले, शंभरातल्या नव्व्याण्णव जणींना काही होत नाही. मी विचारलं, शंभरावी कोण हे कसं कळणार? तर म्हणे तीन महिन्यांनी रक्त तपासू, आणि पुन्हा सहा महिन्यांनी. म्हणजे डिसेंबरात आणि मार्चमध्ये. तोवर जेवायचं, झोपायचं, कामावर यायचं. टोचल्यावर लगेच घ्यायचं औषध कुठे तरी आहे म्हणतात, इथे नाही.

सहा महिने मी वाट बघत बसणार नाही. तू जिंजाच्या कारखान्यात प्लास्टिकचे साचे बनवतोस. तुझ्या साच्यातलं जेरीकॅनचं झाकण उलटं टांगलं तरी गळत नाही, हे आम्ही दर ख्रिसमसला ऐकतो. मग आता मला सुईचं झाकण करून दे. परदेशात म्हणे आपोआप आत जाणाऱ्या सुया निघाल्यात. त्या इथे पोचेपर्यंत माझे केस पिकतील. आमच्याकडे साधी सिरिंज येते आणि येत राहणार. तिला चालेल असं काही तरी कर. या वर्षात इथे सुई टोचलेली मी अकरावी. बारावी होता कामा नये.

कसं टोचलं म्हणशील तर टोपण परत लावताना. इस्पितळाच्या वहीतही तसंच लिहिलंय.

आईला यातलं अक्षर कळू देऊ नकोस. मला प्रार्थना नकोत, झाकण हवं.

तुझी
नाक्कू

•

जिंजा
२९ सप्टेंबर १९९६

नाक्कू,

पत्र कारखान्याच्या फाटकात उभ्याने वाचलं आणि घरी न जाता तसाच आत परतलो. वाइस्वा फोरमन म्हणाला, “काय रे, कोणी गेलं का?” म्हटलं, “नाही. आणि जाणारही नाही.”

माझ्या काकाची एकुलती लेक तू. तुला रागवायचं नाही असं ठरवून बसलो होतो, पण राहवत नाही. डोळे कुठे होते तुझे? दहा वर्षं सुया टोचतेस आणि एक टोपण लावता येत नाही? बरं, झालं एवढं रागावून.

काल इथल्या दवाखान्यात जाऊन तासभर बाकावर बसलो. नर्सबाईला वाटलं मला खरूज झालीय. मी तिचे हात बघत होतो. ती डाव्या हातात टोपण धरते, उजव्या हातात सुई, आणि दोन्ही समोरासमोर आणते. जराशी चूक झाली की सुई डाव्या बोटात. म्हणजे डावा हात तिथे असणं हीच चूक. म्हणून मी प्लास्टिकचा जड ठोकळा केलाय. वर एक भोक आहे, त्यात टोपण उभं राहतं. सुई एकाच हाताने वरून आत सोडायची, दाबायची, उचलायची. डावा हात कमरेवर ठेवलास तरी चालेल. आमच्याकडची पोरं त्याला टोपणघर म्हणू लागलीत.

मोडक्या निळ्या टबांचं प्लास्टिक वितळवून वीस नग केलेत. मसाकाच्या बसच्या कंडक्टरकडे दिलेत. जपून उतरवून घे. प्रश्न मिटला असं समज.

तुझा
गोन्झागा

•

मसाका
२० ऑक्टोबर १९९६

दादा,

वीसच्या वीस टोपणघरं पोचली. प्रत्येक औषधाच्या टेबलावर एकेक ठेवलंय. मेट्रन नामुलींनी आजवर कशाचं कौतुक केलेलं कोणी ऐकलेलं नाही. त्यांनीही एक उलटसुलट करून पाहिलं आणि “हं” म्हणाल्या. त्या “हं”चं पत्र करून मी तुला पाठवू शकत नाही, पण ते मोठं होतं.

तरी गुरुवारी नाबुकीराला टोचली. तीच ती, माझ्या खोलीत राहणारी, झोपेत गाणारी. बारावी झाली. तिनेही वहीत लिहिलं, टोपण लावताना. टोपणघर तिच्यापासून पंधरा पावलांवर टेबलावर होतं.

तुझी वस्तू चांगली आहे. पण ती पुरेशी नाही. टेबलाशी नाही, पेशंटपाशी चालेल असं काही तरी हवं. नेमकं काय होतं ते मला लिहून सांगता येत नाही. वॉर्डात गर्दी असते, अर्धे पेशंट जमिनीवर चटयांवर, त्यांचे नातेवाईक मध्ये मध्ये. तुला डोकं आहे, काढ काही तरी.

आणि आईला कोणी सांगितलं? परवा ती जिवंत कोंबडी काखेत घेऊन वॉर्डाच्या दारात उभी. कोंबडी कापली, शेंगदाण्याच्या कालवणात शिजवली, मी शेवटचं हाड चोखेपर्यंत समोर बसली आणि गेली. ती रडली असती तर मी सांभाळून घेतलं असतं.

नाक्कू

•

जिंजा
२ नोव्हेंबर १९९६

नाक्कू,

काकूला मी नाही सांगितलं. मी बाबिर्येला सांगितलं. तुझी वहिनी पोटात काही ठेवत नाही हे लग्नाआधी कोणी मला सांगितलं नाही. कान पकडतो.

आता तू कान पकड.

तुझं पत्र मी सहा वेळा वाचलं. मग तुझं पहिलं पत्र काढलं. नळी फुटली तर नळी कुठे फुटली ते बघायचं, नळीवाला काय सांगतो ते ऐकायचं नाही, हे मी यंत्रावर शिकलोय. तर सांग. तू उजव्या हाताने सुई धरतेस. टोपण लावताना टोचलं तर डाव्या हाताच्या बोटाला टोचतं. तुझी पट्टी उजव्या तळहाताला होती. तूच लिहिलंस, पेन धरलं की ठणकतं. ज्या हातात सुई आहे त्याच हाताच्या तळव्यात ती कशी शिरली? मी रिकामी सिरिंज आणून सगळे प्रकार करून पाहिले. वाइस्वा म्हणाला, असं टोचायला माणूस सर्कशीतला हवा.

तू माझ्याशी खोटं बोललीस. का, ते नंतर बघू. पण खोट्यावर साचा बनत नाही. मी एक महिना चुकीच्या गोष्टीवर घालवला आणि त्या महिन्यात नाबुकीराला टोचली. हे तुला लागावं म्हणूनच लिहितोय.

कुठे होतीस, कोणता हात कुठे होता, सुई कुठे होती, सगळं लिही.

गोन्झागा

•

मसाका
१७ नोव्हेंबर १९९६

दादा,

लागलं. लागायलाच हवं होतं.

इथे सध्या नाकतोड्यांचा हंगाम आहे. सगळं इस्पितळ तळलेले नाकतोडे खातंय आणि आपलं कूळच नाकतोड्यांचं, आपल्याला ते खाणं वर्ज्य, म्हणून मी एकटी तोंड मिटून बसते. तोंड मिटायची सवय झालीय म्हण. आता उघडते.

तो पेशंट म्हणजे काकेंबो मास्तर. आपले काकेंबो मास्तर, तुला त्रिकोण शिकवताना ज्यांची छडी मोडली ते. खाटा भरलेल्या होत्या म्हणून चटईवर, भिंतीशी. इतके वाळले होते की आधी मी ओळखलं नाही. त्यांनी आवाजावरून मला ओळखलं. मग वडीलधाऱ्यांपुढे गुडघे टेकायची आपली रीत मोडून मी उभ्याने त्यांना सुई देणार होते का? गुडघे टेकले, नीट विचारपूस केली, मग सुई दिली. डाव्या हाताने त्यांच्या दंडावर कापूस दाबून धरला, टोपण लावायला दुसरा हात उरला नाही, म्हणून सुई चटईवर ठेवली. तेवढ्यात त्यांनी माझा उजवा हात धरला. म्हणाले, “गोन्झागा काय करतो? त्याला त्रिकोण आता तरी येतात का?” मी हसले. हात सोडवला, तळहात जमिनीवर टेकला आणि उठायला भार दिला. चटईच्या घडीवर सुई वर तोंड करून पडली होती.

आमच्या वॉर्डाच्या दारावर मेट्रनची पाटी आहे, ‘सुई देताना गुडघे टेकू नयेत.’ जी टेकेल तिची बदली थेट सरोवरातल्या बेटावरच्या दवाखान्यात. पाटी लिहिणं सोपं आहे. इथली म्हातारी माणसं उभ्या नर्सकडून सुई घेत नाहीत, दंड काढून घेतात. एक आजोबा म्हणाले, “मी काय जनावर आहे, उभ्याने टोचायला?” म्हणून आम्ही सगळ्या मेट्रनची पाठ वळली की गुडघे टेकतो. आणि टोचलं की लिहितो, टोपण लावताना. नाबुकीराचं तसंच झालं. बाकीच्यांचं मी कधी विचारलं नाही, त्यांनी मला विचारलं नाही.

मास्तर ऑक्टोबरच्या अखेरीस गेले. त्यांना माझा हात टोचल्याचं कळलं नाही, ते बरं झालं. त्यांचं नाव यात यावं असं मला वाटत नव्हतं. पण खरं सांगायचं तर जास्त भीती मला बेटाची होती.

नाक्कू

•

जिंजा
१ डिसेंबर १९९६

नाक्कू,

मास्तरांपुढे तू गुडघे टेकलेस म्हणून तुला कोण रागावेल? मला त्रिकोण येतात. त्यांना हे तू तेव्हाच सांगितलं असतंस तर बरं झालं असतं.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी बाबिर्ये चहा घेऊन आली. रोज येते तशी, गुडघे टेकून कप ठेवला आणि हात टेकून उठली. एकोणीस वर्षं ती माझ्यासमोर अशी उठते आणि ती कुठे हात टेकते ते मी पहिल्यांदा पाहिलं. म्हटलं, पुन्हा कर. तिने पुन्हा केलं. सहाव्यांदा म्हणाली, “तुझ्या अंगात काही शिरलंय का? आता तूच कर.” मग मी केलं. पुरुषासारखा पुरुष, स्वतःच्या घरात, कपापुढे गुडघे टेकून. माझाही उजवा तळहातच खाली गेला.

म्हणजे टोपण हा प्रश्नच नव्हता. सुई दंडातून बाहेर येते तिथपासून तू उठून दाराशी वापरलेल्या सुयांच्या डब्यापर्यंत जातेस तिथवर ती उघडी असते. ती खाली ठेवायच्या आधी झाकली गेली पाहिजे, तेही त्याच हाताने, कारण दुसऱ्या हातात कापूस आहे. म्हणून म्यान. तलवारीला असतं तसं, पण इथे तलवार आत जात नाही, म्यान पुढे सरकतं. सिरिंजवर एक सैल नळी. अंगठ्याने पुढे ढकलली की सुईच्या टोकापलीकडे जाऊन कट्कन अडकते. तीन नमुने हाताने कातून पाठवतोय. रिकाम्या सुईवर वापरून बघ आणि चुका सांग, लाड करू नकोस.

पण हातानं तीन होतात, तीनशे होत नाहीत. पोलादाचा साचा लागेल, आणि मॅनेजर म्हणतो की इस्पितळाचं सहीचं पत्र आण, किती जणींना टोचतं आणि कसं ते त्यात लिहिलेलं हवं. एका बहिणीच्या शब्दावर तो पोलाद देणार नाही. आणि तुमची वही बारा वेळा सांगते की टोपण लावताना. त्या वहीवर मला पुन्हा टोपणघरच बनवायला सांगतील.

ती वही तुलाच दुरुस्त करावी लागेल. बेट दूर आहे, मला माहीत आहे. मी येऊन भेटत जाईन.

गोन्झागा

•

मसाका
२२ डिसेंबर १९९६

दादा,

पहिला निकाल आला. स्वच्छ. आईला तूच कळव, म्हणजे वहिनीला सांग. अजून मार्च बाकी आहे, तेव्हा ढोल नकोत.

निकालाची वाट न पाहता, नऊ तारखेलाच मी वही दुरुस्त केली. मेट्रनच्या टेबलावर असते ती. माझी ओळ खोडली आणि वर लिहिलं, ‘जमिनीवरच्या पेशंटपुढे गुडघे टेकले होते. उठताना उजव्या तळहातात.’ मेट्रन समोर बसून चष्म्यावरून बघत होत्या.

“हे काय लिहिलंस?”

“खरं.”

“मग आधीचं काय होतं?”

“खोटं.”

“कोणासाठी गं खोटं बोललीस? माझ्यासाठी?”

“तुमच्या पाटीसाठी, मेट्रन.”

त्या म्हणाल्या, “बदलीचा कागद टाईप करते. ख्रिसमसनंतर जा.” मी म्हटलं, “जाईन. पण मला आधी कारखान्यासाठी पत्र द्या.” तोंडाळपणा तुझ्याकडून घेतलाय.

त्या काही बोलायच्या आत दार वाजलं. नाबुकीरा. “मेट्रन, मला पण एक ओळ खोडायचीय.” तिच्यामागून बाळंतिणींच्या वॉर्डातली वयस्क सिस्टर. मग आणखी दोघी. मी कोणाला बोलावलं नव्हतं, शपथ घेते. संध्याकाळपर्यंत बारापैकी नऊ ओळी खोडल्या गेल्या आणि नऊच्या नऊ ठिकाणी तेच, उठताना, तळहातात. मेट्रननी सगळी वही उभ्याने वाचली. मग खुर्ची ओढून पत्र लिहायला बसल्या. ते सोबत जोडलंय. माझ्या बदलीचं त्यानंतर कोणी नाव काढलं नाही.

आता तुझ्या चुका. हाताला चपलेचा जाड तळ बांधला आणि म्यानावर भार दिला. खटकन मोडलं आणि सुई तळात घुसली. तू ते अंगठ्याच्या जोरासाठी केलंयस, बाईच्या सगळ्या वजनासाठी नाही. दुसरं, तुझं कट् आमच्याकडे ऐकूच येत नाही. तीस पोरं रडत असतात. अडकलं की नाही ते डोळ्यांना दिसायला हवं.

नाक्कू

•

जिंजा
२६ जानेवारी १९९७

नाक्कू,

पत्र वाचून मॅनेजरने पोलाद दिलं. नऊ खोडलेल्या ओळींपुढे त्याचं काही चाललं नाही.

आता एकाच्या जागी दोन खाचा आहेत, आणि भार म्यानाच्या काठावर न येता त्याच्याभोवतीच्या जाड कड्यावर येतो. परीक्षा मीच दिली. माझं वजन ब्याऐंशी किलो, बाबिर्येच्या मते जास्त. कारखान्यात मधल्या जागेत चटई टाकली, गुडघे टेकले, म्यान घातलेली सुई तळहाताखाली ठेवली आणि उठलो. पहिल्या दिवशी पोरं पोट धरून हसली. “गोन्झागा, कोणाला मागणी घालतोयस?” “सासूबाईंना नमस्कार सांग!” मी म्हटलं, हसा. माझी बहीण असं उठताना मरणाला शिवून आली. मग कोणी हसलं नाही. चौथ्या दिवशी वाइस्वा स्वतः चटईवर उतरला, तो माझ्याहून जाड. दोनशे वेळा उठलो आम्ही मिळून. सात म्यानं मोडली, तेव्हा कडं आणखी जाड केलं. त्यानंतरच्या शंभरात एकही मोडलं नाही. माझे गुडघे मात्र मोडलेत.

म्यान पुरतं अडकलं की मागे लाल पट्टा उघडा पडतो. लाल दिसला तरच खाली ठेवायचं. लाल दिसेना तर हातातून सोडायचं नाही, हे प्रत्येकीला पाठ करून घे.

दोनशे नग बसने येतायत. चहा आता मी उभ्याने घेतो, चुलीपाशी जाऊन. बाबिर्येला आधी संशय आला होता, आता सवय झालीय.

मार्चच्या निकालाचं विचारत नाही. पण रोज फाटकात थांबतो.

गोन्झागा

•

मसाका
१६ मार्च १९९७

दादा,

आधी हे वाच. दुसरा निकालही स्वच्छ. मी सुटले. डॉक्टरांनी कागद दिला तेव्हा मी तो घडी करून खिशात ठेवला, औषधाच्या खोलीत गेले, दार लावलं आणि सहा महिन्यांचं रडून घेतलं. मग तोंड धुऊन बाहेर आले, कारण सहा पेशंट वाट बघत होते.

फेब्रुवारीपासून तुझी म्यानं वापरतोय. वहीत तेरावी ओळ अजून पडलेली नाही. पडणारच नाही असं मी म्हणत नाही. पण मेट्रननी तुझ्या मॅनेजरला पुढच्या हजाराचं पत्र लिहिलंय आणि शेजारच्या इस्पितळाची मेट्रन येऊन नमुना घेऊन गेली.

आमच्या मेट्रनचं एक सांगायचंय. काल त्या वॉर्डात आल्या, हातात जुनी, कडा कुरतडलेली वही. सात वर्षांपूर्वीची. मला पान उघडून दाखवलं. एकच ओळ, त्यांच्याच अक्षरात, ‘टोपण लावताना.’ त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं, ती ओळ खोडली आणि वर दुसरी लिहिली. मग म्हणाल्या, “माझाही निकाल तेव्हा स्वच्छ आला होता. माझ्यानंतर जिला टोचलं तिचा नाही आला. तेव्हा मी पाटी लावली. मला वाटलं, पाटीने मुली वाचतील.” स्टुलावर चढून मी पाटी काढली, त्यांनी स्टूल धरलं.

कोपऱ्यात एक म्हातारी होती, त्याच दिवशी आलेली, चटईवर. मला बघून तिने दंड अंगावरच्या कापडाखाली घेतला. मेट्रन माझ्या मागेच उभ्या होत्या. मी तिच्यापुढे गुडघे टेकले, घरचं, शेतातल्या केळींचं, नातवंडांचं सगळं विचारलं. तिने दंड पुढे केला. सुई दिली, अंगठ्याने म्यान सरकवलं, लाल पट्टा पाहिला, सिरिंज चटईवर ठेवली आणि कापूस दाबून धरला. म्हातारीने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मलाही घाई नव्हती.

मग उजवा तळहात जमिनीवर टेकला आणि उठले.

तुझी
नाक्कू